कसोटी कीं सापळा?

परीक्षा देणाऱ्याचें कौतुक सगळेच करतात. परीक्षा काढणाऱ्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघर पेढे वांटले जातात, शेजारच्या मुलाच्या गुणांशीं आपल्या मुलाच्या गुणांची तुलना होते. परंतु ज्यानें प्रश्नपत्रिका काढली त्यानें ती नीट काढली होती काय, अशी पृच्छा करणारा गृहस्थ विरळा. वस्तुतः विद्यार्थ्याची पारख जितकी त्याच्या उत्तरावर, तितकीच ती प्रश्नावरही अवलंबून असते. प्रश्नच वांकडा असेल तर हुशार मुलगा अडखळतो, पाठांतर करणारा पुढें जातो, आणि खरी योग्यता कोणाची हें निकालपत्रावरून कळतच नाहीं.

हा विचार नेमबाजीच्या खेळांत जितका स्पष्टपणें दिसून येतो, तितका तो क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं जगज्जेता झाला, तेव्हांपासून ठाणें, कल्याण, डोंबिवली या बाजूच्या घरांतूनही या खेळाविषयीं कुतूहल उत्पन्न झालें असल्यास नवल नाहीं. बंदूक हा शब्द ऐकतांच आजीच्या कपाळास आठ्या पडाव्या व नातवाचे डोळे चमकावे, हेंही स्वाभाविकच आहे. परंतु या खेळांत नुसता नेम धरणाऱ्याचीच कसोटी लागते असें नाहीं. सामना मांडणाऱ्याचीही लागते. कसोटी अवघड असावी, पण ती अन्यायी होऊं नये, हें कसें साधावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

द्रोणाची कसोटी व द्रुपदाचा पण

आपल्याला हा विषय अगदींच नवा नाहीं. आदिपर्वांत धनुर्विद्येच्या दोन प्रसिद्ध परीक्षा आहेत. पहिली द्रोणाचार्यांची. त्यांनीं कारागिरांकडून एक कृत्रिम पक्षी करवून झाडाच्या शेंड्यावर बसविला, आणि शिष्यांना एकेक करून पुढें बोलावून, तुला काय दिसतें, असें विचारलें. इतरांना वृक्ष, आचार्य, बंधु हें सर्वच दिसत होतें; अर्जुनाला पक्ष्याच्या मस्तकावांचून कांहींच दिसेना. या कसोटींत लक्ष्य सर्वांना एकच, अंतर एकच आणि प्रश्नही एकच, ही तिची थोरवी. आजच्या पंचानें मात्र एक हरकत घेतली असती. ज्यांचें उत्तर आचार्यांना पटलें नाहीं, त्यांना त्यांनीं बाण सोडूंच दिला नाहीं. आजच्या खेळांत नेमबाजाच्या मनांत काय होतें हें कोणी विचारीत नाहीं. लक्ष्यावर भोंक कोठें पडलें तेवढेंच पाहतात.

दुसरी परीक्षा द्रुपदाची. आकाशांत एक यंत्र टांगलेलें, त्याच्या छिद्रांतून पांच बाणांनीं लक्ष्य भेदावयाचें, आणि धनुष्य तर असें कठीण कीं तें वांकवितां वांकवितां राजेलोक भुईवर आपटावे. (पाण्यांतील प्रतिबिंब पाहून माशाचा डोळा फोडण्याची जी गोष्ट आपण लहानपणीं ऐकतों, ती पुढील परंपरेंतली आहे.) परंतु या पणाच्या मुळाशीं काय होतें, हें व्यासांनीं लपविलेलें नाहीं. कन्या अर्जुनासच द्यावी अशी द्रुपदाची मनांतून इच्छा होती. ती त्यानें कोणापाशीं बोलून दाखविली नाहीं, आणि अर्जुनाचा शोध लागावा म्हणून तें धनुष्य करविलें. म्हणजे उमेदवार आधीं ठरला आणि परीक्षा मागाहून रचली गेली! बापाच्या दृष्टीनें हें क्षम्य असेल, कदाचित् शहाणपणाचेंही असेल. परंतु सामना मांडणाऱ्यानें असें केलें तर त्याला पक्षपात म्हणतात. आपल्या आवडत्या खेळाडूस जें उत्तम जमतें तेंच नेमकें मैदानावर मांडून ठेवण्याचा मोह आजच्या मांडणाऱ्यांनाही होतो, आणि जाणते खेळाडू तो तत्काळ ओळखतात.

चालत्या नेमबाजीचे प्रसंग

ऑलिंपिकमधील रायफल व पिस्तुलाच्या सामन्यांत नेमबाज ठरलेल्या जागीं असतो व लक्ष्यही ठरलेल्या अंतरावर असतें. याहून निराळा असा एक प्रकार पाश्चात्य देशांत व पूर्व आशियांत बराच रूढ आहे. त्याला प्रॅक्टिकल शूटिंग, म्हणजे व्यावहारिक नेमबाजी, असें म्हणतात. त्याची जागतिक संघटना १९७६ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील मिझुरी राज्यांत कोलंबिया या गांवीं स्थापन झाली आणि जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकपणा, जोर आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हें तिचें ब्रीदवाक्य. २०१७ सालीं फ्रान्समध्यें आणि २०२२ सालीं थायलंडमध्यें तिचे जागतिक सामने झाले.

या खेळांत नेमबाज चालतो, वळतो, प्रसंगीं धांवतो. लांकडी चौकटींच्या भिंती, खिडक्या, दारें, पिंपें यांनीं मैदानावर एक देखावा उभा केलेला असतो. त्याला तिकडे स्टेज म्हणतात, आपण प्रसंग म्हणूं. घड्याळाचा कर्णा वाजला कीं नेमबाजानें कमरेचें पिस्तूल काढावयाचें आणि त्या प्रसंगांतील सर्व लक्ष्यें टिपावयाचीं. कांहीं लक्ष्यें पुठ्ठ्याचीं, कांहीं पोलादाचीं. पोलादी लक्ष्य लागलें म्हणजे खालीं पडतें, आणि एखाद्या वेळीं त्याच्या पडण्यानें दुसरें लक्ष्य हलूं लागतें. मध्येंच कांहीं लक्ष्यें अशीं ठेवलेलीं असतात कीं त्यांना गोळी लागूं द्यावयाची नसते. लागली तर दंड होतो. पुठ्ठ्याच्या नेहमींच्या लक्ष्यास माणसाचा आकार नसून तें अष्टकोनी असतें, ही गोष्टही लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

असे प्रसंग मांडण्याचीं सात तत्त्वें संघटनेच्या नियमांत दिलीं आहेत: सुरक्षितता, गुणवत्ता, समतोल, विविधता, मोकळीक, अवघडपणा आणि आव्हान. सुरक्षितता पहिली, आणि तिच्याविषयीं तडजोड नाहीं. गुणवत्ता म्हणजे प्रसंगानें मुख्यत्वें नेमबाजीच जोखावी, केवळ धांवण्याची ताकद नव्हे. समतोल तो ब्रीदवाक्यांतील तीन गोष्टींचा. विविधता अशासाठीं कीं, तोच तो प्रसंग पुनःपुन्हां मांडला तर खेळाडू तेवढाच घोटून येतो. घोकंपट्टीचा रोग शाळेपुरताच आहे असें नाहीं. अवघडपणाच्या कलमांत उंची व शरीरयष्टि यांतील भेदांस वाजवी सवड ठेवावी असें सांगितलें आहे, आणि शेवटचें आव्हान म्हणजे पूर्ण जोराचें काडतूस वापरण्याचें.

या सर्वांत मला विशेष वाटतें तें मोकळीक हें तत्त्व. मांडणाऱ्यानें प्रश्न घालावा, उत्तर मात्र खेळाडूवर सोपवावें. प्रथम डावी खिडकी, मग दार, नंतर उजवी खिडकी, असा हुकूम शक्यतों करूं नये. कोणत्या मार्गानें जावें, कोणतें लक्ष्य कोठून टिपावें, काडतुसांची पेटी केव्हां बदलावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. याकरितां खेळाडूंना प्रसंग आगाऊ पाहूं देतात, त्याची लेखी माहिती सर्वांना सारखीच वाचून दाखवितात, आणि मगच एकेकास बोलावितात.

एक प्रसंग मांडून पाहूं

तीन बाजूंनीं मातीचे उंच बांध असलेलें एक मैदान घ्या. हल्लींच्या नियमांप्रमाणें लहान प्रसंगास १२, मध्यमास २४ आणि मोठ्यास ३२ गोळ्यांची मर्यादा आहे, आणि सामन्यांत यांचें प्रमाण ३:२:१ असावें अशी शिफारस आहे. आपण मध्यम प्रसंग मांडूं. डावीकडे एक खिडकी, मधोमध दार, उजवीकडे दुसरी खिडकी. डाव्या खिडकींतून चार पुठ्ठे दिसतात. प्रत्येकावर दोन गोळ्या, म्हणजे आठ. दारांतून तीन पुठ्ठे व दोन पोलादी लक्ष्यें, म्हणजे पुन्हां आठ. उजव्या खिडकींतूनही तितकींच. एकूण २४ झाल्या. एका जागेवरून नऊहून अधिक गोळ्या मारणें भाग पडूं नये असा नियम आहे, तोही पाळला गेला.

येथपर्यंत झाला तो हिशेब, कसोटी यापुढें. दारांतून दिसणारें एक पोलादी लक्ष्य डाव्या खिडकींतूनही दिसेल असें ठेवूं. पण तेथून तें दूर, आणि अर्धें झांकलेलें. आतां खेळाडूपुढें प्रश्न उभा राहिला. तें डावीकडूनच टिपलें तर दारापाशीं एक गोळी वांचते, परंतु चुकलें तर वेळ फुकट जातो. कोणाचा हात स्थिर, कोणाचे पाय चपळ. ज्यानें त्यानें आपलें बळ ओळखून ठरवावें. यांत दोन उत्तरें शक्य आहेत आणि दोन्हीं योग्य ठरूं शकतात. असा प्रसंग पाहून खेळाडू आपसांत वाद घालूं लागले, म्हणजे मांडणाऱ्यानें समाधान मानावें.

याउलट, तेंच लक्ष्य एखाद्या पिंपाआड असें दडवून ठेवलें कीं ठराविक फटींतून डोकावल्याखेरीज तें दिसूंच नये, तर अवघडपणा वाढल्याचा भास होतो खरा. पण तेथें नेमाची परीक्षा होत नाहीं, लपंडावाची होते. खिडकी इतकी उंच ठेवली कीं ठेंगण्या बाईनें टांचा उंचावूनही तिला लक्ष्य दिसूं नये, तर तेथें उंचीची परीक्षा झाली. कसोटी आणि सापळा यांतील भेद तो हाच: कसोटींत हरलेल्यास आपण कोठें कमी पडलों हें कळतें; सापळ्यांत सांपडलेल्यास फक्त मांडणाऱ्याची लबाडी कळते.

सुरक्षिततेची गोष्ट याहून गंभीर आहे. पिस्तुलाची नळी समोरच्या बांधाच्या दिशेपासून ९० अंशांपलीकडे वळली कीं खेळाडू तत्क्षणीं बाद. चालतांना बोट चापावर राहिलें तरी ताकीद किंवा बाद. परंतु या नियमांवर विसंबून मांडणाऱ्यास स्वस्थ बसतां येत नाहीं. उजव्या हाताचा नेमबाज डावीकडे धांवतां धांवतां काडतुसांची पेटी बदलूं लागला, म्हणजे त्याची नळी आपोआप मागें फिरूं पाहते. उजव्या टोकाकडून डाव्या टोकाकडे लांब धांव घेण्यास भाग पाडणारा प्रसंग जो मांडतो, तो जणूं अपघातास आमंत्रणच देतो. म्हणून मांडणाऱ्यानें रिकाम्या हातानें तो प्रसंग स्वतः चालून पाहावा, डावखुऱ्याच्या दृष्टीनें पाहावा, उंच व ठेंगण्या माणसाच्या दृष्टीनें पाहावा. प्रसंग फार अवघड आहे अशी तक्रार खेळाडूस करतां येत नाहीं. त्यामुळें मांडणाऱ्याची जबाबदारी कमी न होतां उलट दुप्पट होते.

आतां गुणांची रीति पाहा. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, असा हिशेब आहे. समजा एका प्रसंगांत १२ गोळ्या असून प्रत्येकीस कमाल पांच गुण आहेत. एकानें सर्व गोळ्या मध्यभागीं मारून ६० गुण मिळविले, पण १२ सेकंद घेतले. त्याचा भागाकार ५. दुसऱ्यानें ९ सेकंदांत काम उरकलें, त्याच्या तीन गोळ्या जराशा बाहेर लागून प्रत्येकीस तीनच गुण मिळाले. त्याचे गुण ५४ आणि भागाकार ६. म्हणजे थोडी चूक पत्करून वेग घेणारा जिंकला. तिसऱ्यानेंही ९ च सेकंद घेतले व अकरा गोळ्या मध्यभागीं मारल्या. पण बारावी साफ चुकली. पांच गुण गेले, वर दहांचा दंड. राहिले ४५ आणि भागाकार पुन्हां ५. एका उतावळ्या गोळीनें त्याला त्या सावकाश माणसाच्या पंक्तीस आणून बसविलें! किती घाई करावी हें पुस्तकांत लिहून ठेवतां येत नाहीं. प्रत्येक प्रसंगीं तें नव्यानें ठरवावें लागतें.

ठाण्याच्या बाजूस काय शक्य आहे?

हा खेळ वाचून एखाद्या उत्साही तरुणास तो उद्यांच डोंबिवलींत सुरू करावा असें वाटेल. परंतु आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रकायद्याचीं बंधनें कडक आहेत. जगांत या खेळांत सर्वत्र चालणारें नऊ मिलिमीटरचें पिस्तूल येथें सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. आणि दाट वस्तीच्या प्रदेशांत तें तसें असावें याबद्दल बहुतेक वडीलधारीं माणसें कायद्याच्याच बाजूचीं असतील. आपल्या मुलामुलींच्या आटोक्यांतील खेळ म्हणजे दहा मीटरांवरील हवाई रायफल व हवाई पिस्तूल. त्यांत दारू नाहीं, साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छरा असतो, आणि त्यास एक बंदिस्त दालन पुरतें.

परंतु मांडणीचा प्रश्न येथेंही सुटत नाहीं. रायफलीच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. ७५ मिनिटांत ६० छरे मारावयाचे, आणि अगदीं केंद्रांतील छऱ्यास १०.९ गुण. ही कसोटी दिसावयास साधी दिसते. तिच्या नियमांत मात्र वारंवार बदल झाले आहेत. पूर्वीं प्राथमिक फेरीचे गुण अंतिम फेरींत धरले जात. २०१३ पासून अंतिम फेरींत सर्वांस शून्यापासून आरंभ करावा लागूं लागला. २०२२ सालीं आणखी एक निराळी रीत आली: शेवटीं दोघेच समोरासमोर उभे राहावयाचे, दर छऱ्यास सरस ठरेल त्याला दोन गुण, बरोबरी झाल्यास एकेक, आणि जो आधीं १६ पर्यंत पोंचेल तो विजयी.

याच रीतीनें १४ ऑक्टोबर २०२२ रोजीं कैरो येथें ठाण्याच्या रुद्रांक्षानें इटलीच्या दानिलो सोलाझोला १७-१३ असें हरवून जागतिक अजिंक्यपद मिळविलें. तेव्हां त्याचें वय १८ वर्षांचें होतें. या प्रकारांत जगज्जेता होणारा अभिनव बिंद्रानंतर तोच दुसरा भारतीय. पुढच्याच वर्षीं ती रीत बाजूस पडून, मागें राहिलेल्यास एकेक करून बाद करण्याची जुनी रीत परत आली. या नव्या परिस्थितींत २०२३ च्या सप्टेंबरांत हांगझोच्या आशियाई सामन्यांत रुद्रांक्ष, दिव्यांश पंवार व ऐश्वर्य तोमर या त्रयीनें १८९३.७ गुणांच्या विश्वविक्रमासह सांघिक सुवर्णपदक मिळविलें.

मग २०२४ साल आलें. कैरोच्या विजयानें पॅरिस ऑलिंपिकची एक जागा भारतास मिळाली होती. परंतु नियमानें ती जागा देशाची, खेळाडूची नव्हे. दिल्ली व भोपाळ येथें निवडीच्या चाचण्या झाल्या, आणि ज्यानें जागा मिळवून आणली तो संघांत आला नाहीं. अर्जुन बबुता व संदीप सिंग यांची निवड झाली, आणि बबुता पॅरिसच्या अंतिम फेरींत चौथा आला.

हा अन्याय झाला काय? ठाणेंकरांस तसें वाटलें असेल तर तो त्यांचा दोष नव्हे. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, जगासमोर सिद्ध केलेली योग्यता घरच्या चार चाचण्यांनीं पुसली जाऊं नये. दुसरा पक्ष म्हणतो कीं, दीड वर्षापूर्वींचा विजय हा आजच्या हाताचा पुरावा नव्हे. पॅरिसला जावयाचें तो आजचा नेम घेऊन. माझ्या मतें वरील कसोटी येथेंही लावावी. चाचण्यांचे नियम आधीं ठरलेले व जाहीर होते. द्रुपदाप्रमाणें मनांत एक उमेदवार धरून त्या रचल्या गेल्या असें म्हणावयास कारण दिसत नाहीं. तेव्हां त्यांस कठोर म्हणावें, सापळा म्हणूं नये. मात्र जुन्या पराक्रमाला अशा निवडींत किती वजन असावें, हा मांडणीचाच प्रश्न आहे, आणि तो दर चार वर्षांनीं नव्यानें व मोकळेपणें विचारला गेला पाहिजे. या तरुणाचें वैशिष्ट्य असें कीं त्यानें बंदूक खालीं ठेविली नाहीं. २०२५ च्या एप्रिलांत ब्यूनोस आयर्स येथें विश्वचषकाच्या सामन्यांत त्यानें पुन्हां सुवर्णपदक मिळविलें.

मुलींच्या बाबतींतही मांडणीचा इतिहास बोधप्रद आहे. अंजली भागवत यांनीं २००० सालीं सिडनीच्या अंतिम फेरींत स्थान मिळविलें, तेव्हां स्त्रियांना हवाई रायफलीचे ४० च छरे असत, पुरुषांना मात्र ६०. २०१० सालीं म्युनिक येथें कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत पन्नास मीटरांच्या रायफलींत जगज्जेत्या झाल्या, तेव्हांही हवाई रायफलीचा भेद तसाच होता. तो गेला २०१८ मध्यें. बायकांची कसोटी सौम्य ठेवणें यांत दाक्षिण्य आहे असें पुष्कळांस वाटत असे. वस्तुतः त्यांत अविश्वास होता.

घरच्या मंडळींसाठीं

मुलानें किंवा मुलीनें या खेळाचा हट्ट धरला, तर वडीलधाऱ्यांनीं प्रशिक्षकाच्या पदकांची यादी पाहण्यापूर्वीं त्याच्या दालनांत तासभर बसून यावें. थांबा म्हणतांच प्रत्येक हात थांबतो काय? कोणी लक्ष्याकडे जाण्यापूर्वीं सर्व बंदुका रिकाम्या करून, त्या रिकाम्या असल्याची खूण नळींत घालून खालीं ठेवल्या जातात काय? येथें ढिलाई दिसली तर दुसरे गुण पाहूंच नयेत.

त्यानंतर मांडणी पाहावी. चांगला शिक्षक रोज ६० छऱ्यांची एकच परीक्षा घेत बसत नाहीं. एके दिवशीं दहाच छरे, पण प्रत्येकापूर्वीं नेम सोडून पुन्हां धरावयाचा. एके दिवशीं लक्ष्याऐवजीं कोरा कागद, म्हणजे गुणांची चिंता नाहीं, छरे एकमेकांजवळ पडतात कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. एके दिवशीं ५० सेकंदांत एक छरा, आणि मागें मित्रांचा गलबला. यांतील प्रत्येक कसोटी एक निश्चित प्रश्न विचारते, आणि मुलाला तो आधीं सांगितलेला असतो. शिष्य गोंधळला म्हणून हंसणारा, किंवा त्याला चकविण्यांत भूषण मानणारा शिक्षक असेल, तर तेथून मूल काढून घ्यावें.

डोंबिवलीच्या सदनिकेंत दहा मीटरांची मोकळी जागा कोठून आणावी, अशी शंका कोणी घेईल. घरीं छरा मारावयाचाच नसतो. भिंतीवर टांचणीच्या डोक्याएवढा ठिपका काढून, पूर्ण रिकामी बंदूक घेऊन, वीस मिनिटें नुसतें स्थिर उभें राहण्याचा व चाप हळूवार ओढण्याचा सराव करतां येतो. बंदूक रिकामी असली तरी ती माणसाकडे कधींही रोखावयाची नाहीं, हा नियम घरांतही तितकाच कडक. त्या वेळीं धाकट्या भावंडांनीं मध्यें येऊं नये आणि कोणी हांक मारूं नये, एवढी व्यवस्था घरच्यांनीं केली कीं झालें.

शेवटीं एकच विनंति. मूल दालनांतून परत आल्यावर, किती गुण पडले, हा प्रश्न आपण सगळेच विचारतों. त्याआधीं एकदां, आज काय जोखलें, असें विचारून पाहावें. ज्या मुलाला याचें उत्तर देतां येतें, त्याची कसोटी योग्य हातांत आहे असें समजण्यास हरकत नाहीं.